धाकट्याच्या दुकानासाठी एक शब्द

नवीन दुकान काढायचं ठरलं की माझा धाकटा भाऊ आधी माझ्याकडं एक इंग्रजी शब्द मागायला येतो. मी तुळजापुरात हायस्कूलला इंग्रजी शिकवतो. तो जळकोटला, हायवेच्या कडेच्या आमच्या घरी राहतो. त्या घराची पुढची खोली रस्त्याकडं उघडते. तिला शटर आहे, मोठी खिडकी आहे, दिवसभर उजेड असतो. दुकान नसतं तेव्हा त्या खोलीत भावजय शिलाई मशीन चालवते. दुकान निघालं की मशीन मागं स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात जातं.

पहिलं दुकान मोबाईल दुरुस्तीचं. 'उद्घाटन' हा शब्द त्याला ग्रामपंचायतीच्या पाटीसारखा वाटला, म्हणून फ्लेक्सवर 'ओपनिंग' छापलं. दुकान वर्षभरही चाललं नाही. मग ज्यूस सेंटर आलं. तोवर गावातला सलूनवालाही 'ओपनिंग' लिहायला लागला होता, तेव्हा मी भावाला 'इनॉगरेशन' दिला. ऑनलाईन फॉर्म भरायच्या दुकानाला 'लाँचिंग' दिला आणि मास्तरकीच्या सवयीनं सांगितलं, की हा मूळचा जहाज पाण्यात सोडायचा शब्द.

"जहाज कुठं सोडायचं दादा? बोरी धरणात?" तो हसत म्हणाला. पण छापला.

केकच्या दुकानाला 'किक-ऑफ' दिला. "म्हंजी लाथ मारून सुरू करायचं व्हय?" एवढं विचारून त्यानं तोही छापला. केक उन्हाळ्यात टिकले नाहीत, पावसाळ्यात दुकान टिकलं नाही.

खरं सांगायचं तर मला हे आवडायचं. शाळेत मुलं गाईड पाठ करून पास होतात, माझ्याकडं शब्द मागायला कुणी येत नाही. भावाच्या फ्लेक्सवर मात्र माझा शब्द हातभर अक्षरांत असायचा आणि खाली 'शुभहस्ते' म्हणून माझा फोटो. मी इस्त्रीचा शर्ट घालून जायचो, फीत कापायचो, दोन वाक्यं इंग्रजीत बोलायचो. त्याच्या आधी सकाळी खोली रिकामी करायची असे. मशीनचं एक टोक भाऊ धरायचा, दुसरं मी. भावजय बाजूला उभी राहून दाराची चौकट सांभाळा म्हणायची आणि मशीन मागं ठेवून झालं की विचारायची, "चहा घेता न्हवं, भावजी?" मी घ्यायचो. ती काही बोलत नाही म्हणजे तिचं काही म्हणणं नाही, असं मी धरून चाललो. ते सोयीचं होतं.

यंदा नवरात्राच्या तोंडावर तो पुन्हा तुळजापूरला आला. चहाची फ्रँचायझी घ्यायची म्हणाला. "शब्द असा द्या दादा, की कुणी वापरलेला नसंल."

"फ्रॉम स्क्रॅच," मी म्हणालो. "अगदी पहिल्यापासून सुरू करणं. स्क्रॅच म्हणजे खरवडणं."

"दूध करपल्यावर पातेलं खरवडतेत तसं? चहाच्या दुकानावर?" तो इतका हसला की मलाही हसू आलं. "दुसरा बघा. रविवारी या, फ्लेक्सवाल्याला सांगायचंय."

रविवारी एसटीत बसून मी शब्द शोधत होतो. नळदुर्ग मागं पडेपर्यंत सापडला. 'न्यू इनिंग्ज.' क्रिकेटमुळं कुणालाही कळेल, फ्लेक्सवर शोभेल. मला तो फार आवडला.

पोचलो तर पुढच्या खोलीत भावजय मशीनवर होती. माहेर सीमेपलीकडचं असल्यानं तिला कन्नड येतं, त्यामुळं तिकडच्या बायका ब्लाऊज शिवायला तिच्याकडंच येतात. तशाच दोघी जमिनीवर बसून तिला कन्नडमध्ये घाई लावत होत्या. खिडकीच्या गजांना शिवून झालेले ब्लाऊज टांगलेले होते. भाऊ दूध आणायला बाहेर गेला, तशी भावजय मान वर न करता म्हणाली, "भावजी, ह्या बारीला शब्द देऊ नका."

"का गं?"

"तुमी शब्द दिला की त्यास्नी सगळं पक्कं झाल्यावानी वाटतंय. मग मिशन मागं जातंय." तिनं सुई उजेडाकडं धरली. "मागं आता मला सुईचं भोक दिसत न्हाय. डोळं पयल्यासारखं ऱ्हायलं न्हाईत."

भाऊ दुधाची पिशवी घेऊन आला तो फ्लेक्सवाल्याशी फोनवर बोलतच. "थांब, दादा आलेत, सांगतेत. हां दादा, काय?"

शब्द जिभेवर होता. द्यावासा वाटत होता, हेही लिहितो.

"न्हाय," मी म्हणालो. "ह्या वेळी न्हाय."

"संपली का काय इंग्रजी?"

"दुकान काढायचं तर स्टँडपाशी गाळा बघ. ही खोली तिची राहू दे."

त्यानं बायकोकडं पाहिलं, मग माझ्याकडं. फोन खिशात टाकला. "आत्ता सुचलं व्हय तुमास्नी? दर बारीला फीत कापताना न्हाय सुचलं?"

बसलेल्या दोघींपैकी एकीनं कन्नडमध्ये काही विचारलं. भावजयीनं तिला मानेनं हो म्हटलं आणि पायडल मारायला लागली. भाऊ पिशवी उंबऱ्यावर ठेवून गाडीवर निघून गेला.

त्यानं गाळा घेतला. मला कुणी बोलावलं नाही. उमरग्याला कामासाठी जाताना एसटीच्या खिडकीतून फ्लेक्स दिसला. त्यावर 'ओपनिंग' होतं, पहिल्या दुकानाचंच. फोटो गावातल्या दुसऱ्याच कुणाचा होता. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचीही लाज वाटली.

दसऱ्याला घरी गेलो. भाऊ माझ्या समोरून आत गेला. आपट्याची पानं दिली तर न बोलता घेतली. आमचं हे किती दिवस चालेल, कुणास ठाऊक. समजूत घालायची म्हटली तर कुठून सुरुवात करावी हेच कळत नाही आणि आता माझ्यात तेवढं बळही राहिलेलं नाही.

भावजय शिवत होती. मी दारात उभा राहून विचारलं, "बाहेर एक पाटी लावू या का? चांगली रंगवून आणतो."

"कशाला? बाया येतेत की," ती म्हणाली. मग सुईत दोरा घालता घालता थांबली. "जरा सरका भावजी. उजेड अडतोय."

मी दारातून बाजूला झालो.