पल्याडचा नवरदेव

धानोऱ्याजवळच्या त्या गावात माझी सगळी भिस्त माती भरलेल्या पेटीत ठेवलेल्या एका कोळिणीवर होती. ही बिळात राहणारी, केसाळ, कोळ्यांच्या घराण्यातल्या फार जुन्या वळणाची. इतर बहुतेक कोळ्यांचे विषदंत चिमट्यासारखे आडवे मिटतात, हिचे कुदळीसारखे खाली उतरतात. आणि पुस्तकासारखी पानापानांची फुप्फुसं बहुतेकांना दोनच, हिला चांगली चार. नाल्यापल्याडच्या कोळिणी काळ्या, अलीकडची ही तांबूस. तेवढ्यावर मी हिला नवी प्रजाती ठरवून मोकळी झाले होते. प्रबंधाचं अख्खं प्रकरण तिच्यावर उभं होतं आणि मनातल्या मनात मी तिचं बारसंही उरकलं होतं.

अडलं होतं नरापाशी. नाल्याच्या अलीकडचा नर पाहिल्याशिवाय माझे मार्गदर्शक काही मान्य करेनात. मी ज्या गोंड कुटुंबाकडे उतरले होते, तिथल्या म्हाताऱ्या भाऊंना मोहफुलं वेचून वेचून रानातलं बीळ न् बीळ ठाऊक. हिच्यासाठी नर शोधा, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी गंभीरपणे विचारलं, ही किती देवांची? त्यांच्यात सोयरीक जुळवताना पहिला प्रश्न हाच. चार देवांची कुळं, पाच देवांची कुळं. देव सारखे, तर ती भावंडं. मला हसू आलं. फुप्फुसं आठवून मी म्हटलं, चार.

आठवड्याने पाऊस उघडला आणि भाऊंनी डब्यातून एक लांब पायांचा, किडकिडीत नर आणला. कुठला म्हणाल, तर नाल्यापल्याडचा! मी भयंकर चिडले. नेमका नको तिथलाच आणला होता. भाऊ शांतपणे म्हणाले, "बाई, इथचे सारे तिचे भाऊ. त्यायच्यासंगं लगन कसं लावू? नवरदेव तं पल्याडचाच लागते."

आता आणलाच आहे, तर बघू म्हणून मी त्याला तिच्या पेटीत सोडला. ती त्याला खाऊन टाकेल अशी माझी खात्री होती. त्याने बिळाच्या तोंडाशी पाय आपटून ताल धरला. ती बाहेर आली, पुढचे पाय उचलले, आणि खाण्याऐवजी सोयरीक जमली.

प्रजाती वेगळ्या असत्या, तर हे जुळलं नसतं. माझं धाबं दणाणलं. दोन्हीकडच्या माद्यांच्या काती काढून मी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या. कातीबरोबर उतरलेल्या जननपिशव्यांची ठेवण तंतोतंत एक. रंगाने मला फसवलं होतं. प्रकरण गेलं, बारशाचं नावही गेलं. मी ओसरीवर बसून चक्क रडले.

भाऊ घाबरले. नवरदेव चुकीचा निघाला का, विचारू लागले. मी डोळे पुसत सांगितलं, नाही भाऊ, मी दोन समजत होते, ते एकच निघाले.

भाऊ म्हणाले, "समाज एकच आहे त्यायचा. देव येगळे. मी तं आधीच म्हनलो होतो."

जे कळायला मला दोन पावसाळे लागले होते, ते भाऊंनी एका वाक्यात सांगितलं. मला राग आला, मग हसू आलं, आणि मी वही उघडून ते वाक्य जसंच्या तसं नव्या प्रकरणाच्या डोक्यावर लिहून ठेवलं.