डबल बेल झाल्यावर न थांबणारे कसबे मास्तर

श्री. शमुवेल कसबे यांची आणि माझी पहिली भेट एस.टी.त झाली. त्यात सुट्ट्या पैशांवरून वाद झाला नाही, एवढ्यावरूनच हे गृहस्थ वेगळे आहेत हे मी ओळखायला हवं होतं.

मी तेव्हा लोहाऱ्याच्या महाविद्यालयात नुकताच रुजू झालो होतो. डिसेंबरातली संध्याकाळ, तुळजापूरहून निघालेली गाडी आणि माझ्याच वाट्याला आलेली बिनकाचेची खिडकी. कसबे मास्तर त्या गाडीचे वाहक. आमच्या भागात वाहकाला मास्तर म्हणतात आणि शाळेतल्या मास्तरांना सर. यातून कुणाला जास्त मान आहे हे मला अजून उलगडलेलं नाही. त्यांनी तिकीट फाडलं आणि मफलरीतून माझ्याकडं पाहिलं.

"नवे दिसता. उद्या सुट्टी हाय, गावाकडं न्हाय गेलात?"

"एका दिवसासाठी कुठं जाणार?"

"मग आमच्याकडं या की. उद्या नाताळ. बोरवाडीत नऊला उपासना हाय. नऊ म्हंजी नऊ बरं का, सर. कालेजातले नऊ न्हाय."

मी गेलो, तोही हार आणि नारळ घेऊन. आपल्याकडं कार्यक्रम म्हटला की कुणाचा तरी सत्कार असणार आणि रिकाम्या हातानं गेलं तर आपली पंचाईत होणार, हे मी लहानपणापासून शिकलो होतो. बोरवाडीचं मंदिर (तिथली मंडळी आपल्या चर्चला मंदिरच म्हणतात) म्हणजे पत्र्याचं छप्पर, निळ्या रंगाच्या भिंती आणि दारातल्या लिंबाला टांगलेली कागदी चांदणी. आत कडब्याची गव्हाण केली होती. घोंगड्या पांघरलेली पोरं मेंढपाळ म्हणून उभी होती, आणि त्यांतली निम्मी खरोखरच सकाळी शेरडं सोडून आली होती. पहिलं गीत संपलं तसा मी जोरात टाळ्या वाजवल्या. माझ्या एकट्याच्याच. अख्खं मंदिर वळून पाहू लागलं. शेजारी उभे असलेले कसबे मास्तर हळूच म्हणाले, "सर, हितं टाळ्या न्हाईत. आमेन म्हणा, भागतंय."

हाराचं आणि नारळाचं काय करायचं, हेही त्यांनीच सोडवलं. हार चांदणीला घातला. नारळ दुपारच्या भाजीत गेला.

त्या दिवसापासून मी दर नाताळला बोरवाडीला जातो. मी त्यांच्या धर्माचा नाही, आणि माझ्या स्वतःच्या धर्मातही माझी हजेरी फारशी समाधानकारक नाही. तरी जातो. का जातो, हे सांगण्यासाठी या गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला जागा दिली आहे. बाकी लेखकांनी मास्तरांचे सद्गुण वाटून घेतले असतील. माझ्या वाट्याला एक घंटा आणि एक न झालेला रस्ता आला आहे.

घंटेचं आधी सांगतो. एस.टी.त दोरी एकदा ओढली की गाडी थांबते, दोनदा ओढली की सुटते. मास्तरांनी उभी हयात ही दोरी ओढली. मंडळीचे, म्हणजे चर्चच्या सभासदांचे, सेक्रेटरी म्हणून मंदिराची घंटा त्यांच्याकडं आली, तेव्हा त्यांचा हात आपोआप दोनदाच गेला. घंटा लांबवर घुमत राहावी अशी जुन्या लोकांची अपेक्षा होती. मास्तरांची घंटा "टण टण" करून मोकळी. सुरुवातीला लोक हसले. मग सवय झाली. आता बोरवाडीत डबल बेल ऐकू आली की स्टँडवर चहा पिणारा माणूससुद्धा "चला, सुटली" म्हणतो आणि कप खाली ठेवतो.

ही वेळेची शिस्त हौसेची नव्हे. बोरवाडीला स्वतःचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, नाहीत. पाळकसाहेब नाताळच्या दिवशी तीन गावांत उपासना घेतात आणि बोरवाडीचा नंबर पहिला. इथं उशीर झाला की पुढच्या गावातली लेकरं नवे कपडे घालून उन्हात ताटकळतात. "फुडल्या स्टॉपवर मानसं हुभी असत्यात," एवढंच मास्तर सांगतात.

नोकरीत असताना ही एक सकाळ मोकळी मिळावी म्हणून त्यांनी काय केलं, हे आगारातल्या जुन्या लोकांना विचारा. दिवाळीत ड्यूटी मास्तरांची. दसऱ्याला मास्तरांची. नवरात्रात तुळजापूरच्या जादा गाड्या, जिथं वाहकाला स्वतःचा पाय कुठं आहे हे उतरल्यावर कळतं, त्याही मास्तरांच्या. बदल्यात मागणं एकच: नाताळची सकाळ. आणि त्या सकाळी जो कुणी त्यांच्या जागी गाडीवर असेल, त्याला दुपारी करंज्यांचा डबा स्टँडवर पोचता. सर्वधर्मसमभावावर मी महाविद्यालयात बरीच व्याख्यानं ऐकली आणि दोन-तीन दिलीही. ड्यूटीच्या अदलाबदलीवर चाललेला सर्वधर्मसमभाव मात्र मी इथंच पाहिला, आणि तो विनातक्रार चालला.

मंदिरातलं शेवटचं बाकडंही त्यांचंच काम. मी टाळ्या वाजवल्या, त्याच्या पुढच्या वर्षी त्यावर पांढऱ्या रंगात अक्षरं दिसली: 'पाहुण्यांसाठी राखीव'. मी विचारलं, "माझ्यामुळं का?" ते म्हणाले, "तुमच्यामुळं न्हाय, सर. पर तुमच्यासारख्यांमुळं." त्या बाकड्यावर मी बसतो. माझ्या शेजारी मल्लिनाथ अप्पा बसतात. अप्पा लिंगायत, गावातले मोठे शेतकरी, कपाळावर भस्माचे पट्टे. उपासनेत सगळे डोळे मिटतात तेव्हा अप्पाही मिटतात आणि लवकर उघडत नाहीत. "झोप लागती काय, अप्पा?" असं एकदा मास्तरांनी विचारलं. "तुमचे पाळक लई गोड बोलतेत," अप्पा म्हणाले.

आता रस्ता.

बोरवाडीच्या ख्रिस्ती मंडळींची दफनभूमी गावाबाहेर, काळ्या रानाच्या पलीकडं आहे. तिथं जायला वाट नाही. उन्हाळ्या-हिवाळ्यात बांधावरून जाता येतं. पावसाळ्यात काळी माती गुडघ्यापर्यंत धरते आणि चप्पल ठेवून घेते. मास्तर निवृत्त झाल्यानंतर एका श्रावणात त्यांच्या पत्नी मार्थाबाई गेल्या. पेटी ट्रॅक्टरवर ठेवली, ट्रॅक्टर रुतला. मग खांद्यावर घेतली. चार पावलं गेलं की कुणीतरी रुतायचं, पेटी एका बाजूला कलायची, आणि मागून चालणारे मास्तर दोन्ही हात पुढं करायचे. मी त्या अंत्ययात्रेत होतो. मास्तर रडले नाहीत. परत आल्यावर हातपाय धुताना एवढंच म्हणाले, "जल्मभर म्या लोकांना जागेवर नीट उतरवलं, सर. हिला नीट न्हेता आलं न्हाय."

दुसऱ्याच आठवड्यापासून त्यांनी रस्त्यासाठी खेटे सुरू केले. त्या खेट्यांचं वर्णन करत नाही; वाचकांनी स्वतःचे आठवावेत. शेवटी आमच्या भागातल्या एका नेत्यांनी शब्द दिला. नाव लिहीत नाही, कारण बिचारे एकटेच तसे नाहीत. "नाताळला येतो, तिथंच जाहीर करतो," असं ते म्हणाले. मंडळी हरखली. दाविदअण्णा नावाचे मंडळीतले पंच तर शाल आणि फेटा घेऊनच आले.

नेते नऊला येणार होते. नऊ वाजले. नेते नव्हते. दाविदअण्णा दारात उभे राहून रस्त्याकडं बघत होते.

"मास्तर, धा मिंटं."

"पाळकसाहेब आलेत, लेकरं आलीत. कुणासाठी थांबायचं?" असं म्हणून मास्तरांनी दोरी ओढली. टण टण.

गीत झालं, शास्त्रवाचन झालं, मेंढपाळ गव्हाणीपाशी जाऊन बसले. पाळकसाहेब उपदेशाला उभे राहिले तेवढ्यात बाहेर हलगी कडाडली. जीपगाड्या थांबल्या, घोषणा झाल्या. मेंढपाळांपैकी एक उठून दारात पळाला, त्याला त्याच्या आईनं घोंगडीला धरून मागं ओढलं. एक कार्यकर्ता आत आला आणि थेट मास्तरांकडं गेला. आमचं बाकडं दाराशी, त्यामुळं सगळं आमच्या कानांवर पडत होतं.

"मास्तर, साहेब आलेत. जरा थांबवा की."

"या म्हणावं. हे बाकडं पाव्हण्यांचंच हाय."

"बसायला वेळ न्हाय हो. सत्कार करा, साहेब दोन शब्द बोलतेत आन् निघतेत. फुडं अजून दोन कार्यक्रम हायत."

"पाळकसाहेबांची बी दोन गावं हायत फुडं."

"अवो, तुमच्याच रस्त्याचं सांगायचं हाय!"

दाविदअण्णा शाल छातीशी धरून जवळ आले. "मास्तर, पाचच मिंटं. पाया पडतो. रस्ता मार्थाबाईच्या नावानं हुईल."

मास्तरांचा हात घंटेच्या दोरीपाशी गेला, हे मी पाहिलं. एकदा ओढली असती की काम झालं असतं. पाळकसाहेबही थांबले असते, आणि कुणी त्यांना नावं ठेवली नसती. मग त्यांनी हात खाली घेतला.

"रस्ता मला नगं व्हय, अण्णा? मलाच सगळ्यांत जास्त पायजे. पर आज जल्म कुणाचा हाय? त्याचा सत्कार चालू हाय. मधीच दुसऱ्याचा कसा घालायचा?" आणि कार्यकर्त्याकडं वळून, "डबल बेल झाली, भाऊ. आता गाडी शेवटच्या स्टॉपलाच थांबंल. साहेबांना म्हणावं चढा, जागा हाय."

नेते आत आले. हे त्यांच्या बाजूनं नोंदवलं पाहिजे. अप्पा सरकले, मी सरकलो आणि ते आमच्या मधे बसले. कुणी उठलं नाही, कुणी हार घातला नाही. पाळकसाहेबांनी त्यांच्याकडं एकदा पाहून स्मित केलं आणि पुढचं वाक्य घेतलं. नेत्यांनी फोन काढला, ठेवला, पुन्हा काढला. सगळे प्रार्थनेला उभे राहिले तेव्हा तेही राहिले. आपल्यासाठी नसलेल्या कार्यक्रमात माणसानं हात कुठं ठेवायचे, हे त्यांना बहुधा फार वर्षांनी ठरवावं लागत होतं. डोळे उघडले तेव्हा आमच्या मधली जागा रिकामी होती. बाहेर गाड्या सुरू झाल्याचा आवाज आला.

गडबडीत हलगीवाले मागं राहिले. मास्तरांनी त्यांना पंगतीत बसवलं, करंज्या बांधून दिल्या आणि ओळखीच्या वाहकाच्या हवाली करून लोहाऱ्याच्या गाडीत चढवलं. त्यांतला एक जाताना म्हणाला, "मास्तर, आमी वाजवलं ते चुकलं काय?" मास्तर म्हणाले, "वाजवलं ब्येस. टायमिंग चुकलं."

रस्ता झाला नाही. मंडळीतले बरेच लोक मास्तरांवर चिडले. त्यानंतर पावसाळ्यात कुणाचं मरण झालं की चिखलातून पाय ओढताना दाविदअण्णा मोठ्यानं म्हणत, "हळू चला रं, हा मास्तरांचा हायवे हाय." मास्तर ऐकून घेत. खांदा मात्र सोडत नसत. मधल्या काळात जिल्ह्याच्या नावाची पाटी बदलली, उस्मानाबादचं धाराशिव झालं. रस्त्याचा अर्ज मात्र जुन्याच नावानं कुठंतरी पडून आहे. मास्तरांनी नव्या नावानं पुन्हा केला. मी त्यांना एकदा स्पष्टच विचारलं, पस्तावा होतो का म्हणून. ते म्हणाले, "व्हतो की. दर पावसाळ्यात व्हतो. पर नाताळला न्हाय व्हत."

एक गोष्ट मात्र घडली. दफनभूमीच्या वाटेवरचं काळं रान मल्लिनाथ अप्पांचं. त्या नाताळनंतर रब्बीची पेरणी आली तेव्हा अप्पांनी बांधालगत दोन माणसं शेजारी शेजारी चालतील एवढा पट्टा पेरलाच नाही. गड्यानं विचारलं तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. राखीव हाय." मास्तरांना त्यांनी हे सांगितलं नाही. मास्तर पुढच्या नाताळला दुपारी नेहमीसारखे मेणबत्ती घेऊन मार्थाबाईंकडं निघाले, तेव्हा ज्वारीच्या कडेनं मोकळी वाट दिसली. ते थोडा वेळ तिथंच उभे राहिले आणि मग चालू लागले. आता दर वर्षी उपासना आणि पंगत आटोपली की अप्पा आणि मी त्यांच्याबरोबर जातो. वाट दोघांचीच असल्यामुळं मी मागं.

पावसाळ्यात मात्र तो पट्टाही काळ्या मातीचाच. तिथं अप्पांचं काही चालत नाही.

मास्तरांनी आता पंचाहत्तरी पूर्ण केली आहे. गौरव समितीनं सत्कार नाताळच्या उपासनेतच करायचं योजलं होतं, तेव्हा मास्तरांनी ज्या नजरेनं पाहिलं ती पाहून समितीनं शाळेचं पटांगण ठरवलं. या ग्रंथालाही त्यांनी एकाच अटीवर होकार दिला: ज्यांनी लिहिलं त्यांनी नाताळला नऊला येऊन बसावं. टाळ्या वाजवू नयेत.

अशा लेखाच्या शेवटी दीर्घायुष्याची इच्छा व्यक्त करतात. मी तीही मास्तरांच्याच सोयीनं करतो. ते हल्ली म्हणतात, "सर, मला पावसाळ्यात जायचं न्हाय. लोकांचे हाल व्हत्यात." म्हणजे वर्षातले चार महिने बाद झाले. हिवाळ्यात नाताळची तयारी असते, तेव्हा त्यांना सवड नसते. उन्हाळ्यात अप्पांना त्यांच्याशिवाय गप्पा मारायला दुसरं कुणी नसतं. त्यामुळं रस्ता झाल्याखेरीज त्यांनी कुठं जायचा प्रश्नच येत नाही. आणि रस्त्याच्या कामाची गती मी जवळून पाहत आलो आहे; तिच्या भरवशावर मास्तरांची शंभरी मी आत्ताच धरून चालतो.

रस्ता जेव्हा होईल तेव्हा होवो. त्याच्या उद्घाटनाला नेते येतील, बहुधा उशिरा. मास्तर तोवर धडधाकट असावेत, वेळेवर यावेत आणि हातात मेणबत्ती घेऊन त्या रस्त्यावरून सर्वांत आधी स्वतः चालत जावेत, आणि संध्याकाळच्या आत चालतच परत यावेत.