चपला काढायच्या जागेवरचा आरसा

माजलगावच्या एका साड्यांच्या दुकानात मी एक ‘अनुभव’ बसवला. हसू नका, माझी नोकरीच ती आहे. पुण्याच्या ज्या कंपनीत मी काम करते ती दुकानांसाठी मोठमोठे टचस्क्रीन बनवते. गिऱ्हाईक आत येणार, स्क्रीनसमोर थबकणार, बोट लावणार, हरखून जाणार आणि खरेदी करणार. याला आमच्यात ग्राहकाचा प्रवास म्हणतात. ऑफिसातल्या काचेवर पिवळ्या-गुलाबी चिठ्ठ्या चिकटवून हा प्रवास आखतात, आणि आखणाऱ्यांतल्या एकानंही जन्मात कुणाचा बस्ता पाहिलेला नसतो. मी तर नेकनूरची. वीसपंचवीस माणसं टेम्पोत बसून लग्नाचे कपडे घ्यायला निघतात, त्याला बस्ता म्हणतात आणि त्यात दोन्हीकडच्यांची अब्रू पणाला लागलेली असते, हे मला कुणी शिकवायला नको होतं. पण मीही मान डोलावून चिठ्ठ्या चिकटवत बसले.

आमच्या वस्तूचं नाव जादूचा आरसा. पुढं उभं राहिलं की कॅमेरा तुम्हाला पकडतो आणि काचेत तुमच्या अंगावर साडी दिसते. खाली एक बदाम असतो. आवडली तर बदाम दाबायचा. कोण किती वेळ उभं राहिलं, कुणी काय दाबलं, ते सगळं पुण्याला कळतं.

दुकानाच्या शेठजींना ‘एकदम पुण्यासारखं’ पाहिजे होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी गादीवर साड्यांच्या घड्या घालत बसलेल्या म्हाताऱ्या सेल्समनकडं हनुवटीनं दाखवलं आणि माझ्याकडं झुकून म्हणाले, “हे नीट चाललं ना मॅडम, तर मामाला घरी बसवता येईल. लई वर्षं झाली आता.” मी समजूतदारपणे हसले. का हसले, देव जाणे.

त्या मामांना सगळा तालुका मामाच म्हणायचा. त्यांचं काम मी दोन दिवस बसून पाहिलं, कारण कंपनीत तसं पाहायची पद्धत आहे. पाहून त्याचं काय करायचं याची मात्र नाही. बस्त्यात नवरीची साडी नवऱ्याकडच्या बायका ठरवतात. नवरी खाली मान घालून बसलेली असते, तिला विचारतो कोण? मामा साड्या उलगडत राहायचे, तोंडानं चहा आला का, पाणी दिलं का चाललेलं, आणि डोळा मात्र पोरीच्या हाताकडं. ती ज्या साडीचा काठ जरा जास्त वेळ बोटात धरी, ती साडी मामा ढिगाखाली जाऊच द्यायचे नाहीत. सासू दुसऱ्याच साडीला हात घालायला लागली की म्हणायचे, “मावशी, तुमची नजर मघाशी हिच्यावर गेलती बगा. काय पारख हाय!” सासू खूश. आपणच निवडली म्हणून घरी जाऊन सांगणार. आणि पोरगी पहिल्यांदा वर बघायची.

असला डिझायनर आमच्या कंपनीत एकही नाही. आणि मी वहीत काय लिहिलं? ‘सेल्समनवर फार अवलंबून. कमी करता येईल.’ कप्पाळ माझं!

आता आरसा लावायचा कुठं? तिन्ही भिंतींना छतापर्यंत साड्यांची कपाटं. मोकळी भिंत एकच, दाराला लागून, तिथं प्लगही होता. मी टेपनं माप घेतलं, उजेड पाहिला, फोटो काढले. तिथं जमिनीवर चपलांचा ढीग पडलेला होता, तो फोटोत येऊ नये म्हणून पायानं सरकवला. गादीवर चढायच्या आधी माणूस तिथं चपला काढतो आणि जाताना तिथंच घालतो. लहानपणापासून मी स्वतः तेच करत आलेय. पण चिठ्ठ्यांच्या प्रवासात चपला नव्हत्या, म्हणून मलाही दिसल्या नाहीत.

साखर कारखान्यांचा हंगाम संपला, ऊसतोडीला गेलेली माणसं गावाकडं परतली आणि लग्नांची गर्दी उसळली. इकडं पुण्यात आमच्या आकड्यांना उधाण आलं. आरशासमोर माणूस हटेना! आणि बदाम? दाबून दाबून बदामाचा कूट झाला असता. साहेब म्हणाले, तालुक्याच्या गावात एवढा प्रतिसाद म्हणजे कमाल आहे. मीटिंगमध्ये टाळ्या झाल्या. हीच रचना आता सगळ्या दुकानांत माझ्या नावानं जाणार होती. फक्त शेठजींना द्यायचा अहवाल तेवढा राहिला होता. मी तो मोठ्या डौलात लिहिला, वहीतलं ते सेल्समन कमी करायचं वाक्यही त्यात घातलं, शेठजींना पाठवला, आणि पाठोपाठ माजलगावला गेले. कौतुक ऐकायला, दुसरं काय.

दारापाशीच स्टूल टाकून बसले. दिंद्रुडकडचा एक बस्ता आला. पहिली आजी आत शिरली, आरशावर पाचही बोटांचा पंजा टेकवला, सगळा भार त्यावर टाकला आणि एक पाय उचलून चपलेचा पट्टा सोडवायला लागली. पंजा बदामावर. आवडली! दुसरा पाय. आवडली! तिच्यामागं दुसरी, मग तिसरी. मग नवऱ्याचे चुलते आले, धोतर, फेटा, भरघोस मिशा. ते बूट काढायला वाकले आणि काचेत त्यांच्या अंगावर हिरवीगार पैठणी चढली. त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. डोक्यावरून पदर घेतलेल्या बायकांचं तर यंत्राला डोकंच सापडत नव्हतं, आणि यांना मात्र पैठणी शोभून दिसत होती.

मामांनी गादीवरून मला हाक मारली. “ताई, राग न्हाई ना येणार? लोकं त्याला धरून चपला काढतेत. तिथं हातभर दांडा लावून द्या भिंतीला. म्हाताऱ्या माणसांची लई सोय हुईल.”

माझे कान तापले. लाज वाटली. कसला डोंबलाचा अनुभव! सगळ्या महाराष्ट्रात जायला निघालेली माझी रचना म्हणजे म्हाताऱ्यांना टेकायला एक भिंत होती, आणि तिच्या जोरावर या माणसाची गादी जाणार होती.

मी गल्ल्यावर गेले आणि शेठजींना खरं ते सांगितलं. आकडे चपलांचे आहेत, अहवाल चुकलाय, मी दुसरा देते. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, “मॅडम, मी रोज हितंच बसतो. तोंड दाराकडंच हाय माझं. मला दिसत न्हाई व्हय?”

“मग?”

“मग काय? माझ्या वडलांच्या वेळचा माणूस हाय तो. माझ्या लग्नाच्या साड्या त्यानंच दाखवल्यात. आता गुडघे गेले, गादीवरून उठवायला दोघं लागतेत. पण उद्यापासून येऊ नका म्हणायला माझी जीभ रेटत न्हाई. कागदावर तुमी ते बरोबर लिवलंय. तेवढं तुमीच सांगा त्याला. शिकलेल्या माणसानं सांगितलं की पटतं.”

एवढा मोठा आरसा त्यांनी एका वाक्यासाठी विकत घेतला होता. संताप आला मला. नाही म्हणता आलं असतं. अहवाल तिथल्या तिथं फाडता आला असता. पण पुण्यातल्या टाळ्या अजून कानात होत्या, आणि मी मुकाट्यानं गादीकडं वळले.

मामांच्या शेजारी मांडी घालून बसले. आम्हाला क्लायंटशी बोलायला शिकवतात तसं बोलले: काळ बदलतोय, तुमच्या अनुभवाची सर कशालाच नाही, पण दुकानालाही पुढं जायचंय, आणि तुम्हीही आता आराम करायला हवा. आवाज मऊ ठेवला. मध्ये जिथं थांबायचं तिथं थांबले. मामा ऐकत होते आणि साडीचे काठ जुळवत होते. घडी पूर्ण झाली, ती त्यांनी ढिगावर ठेवली आणि वरून हात फिरवला.

“लई चांगलं समजावून सांगितलंत, ताई,” ते म्हणाले. “मालकाला न्हाई जमलं असतं.”

आणि खरं सांगते, त्या घटकेला मला बरं वाटलं. काम नीट झाल्यावर वाटतं तसं बरं. मी त्यांना थँक्यू म्हणाले.