रद्द न झालेला शेअर

मी जुनी शेअर सर्टिफिकेटं जमवते म्हटलं, की आपली माणसं आधी भाव विचारतात. भाव गेला चुलीत. ज्या कंपन्यांचे हे शेअर, त्या कधीच बंद पडल्या. घोडागाडीतून आणि सुरुवातीच्या रेल्वेतून लोकांची पार्सलं, पत्रं, सोनंनाणं पोचवणाऱ्या कंपन्या होत्या त्या. मी लंडनला, म्हणजे आमच्या कॅनडातल्या, ऑन्टारिओच्या लंडनला, शिकायला आले तेव्हा शनिवार-रविवार एका कुरिअरच्या डेपोत पार्सलं निवडायचे. आपल्या त्या कंबरडं मोडणाऱ्या कामाला एवढा जुना वंश आहे हे कळलं, आणि मी या नादाला लागले.

नाद लावला तो गुरुजींनी. गुरुजी हे मी मनात ठेवलेलं नाव. ते इथल्याच शाळेतून निवृत्त झालेले, एकटे राहणारे गोरे गृहस्थ. २०१५ साली एका चर्चच्या बेसमेंटमध्ये जुन्या कागदांचा बाजार भरला होता. तिथे त्यांनी माझ्यासमोर एक सर्टिफिकेट ठेवलं. वर इंजिनाचं बारीक रेषांचं चित्र, कोपऱ्यात चिकटवलेलं रेव्हेन्यू तिकीट आणि खाली कंपनीच्या अध्यक्षाची सही. छापलेली नव्हे, त्याने स्वतः टाक बुडवून केलेली. शाई तपकिरी पडली होती, पण शेवटच्या फराट्याला टाकाचं टोक कागदात रुतलेलं अजून दिसत होतं. दीडशे वर्षांपूर्वी एका माणसाचा हात नेमका इथे टेकला होता. माझ्या अंगावर काटा आला. गुरुजी नुसते हसले.

पुढे दोन वर्षं त्यांनी मला शिकवलं. हात धुऊन, कोरडे करूनच कागदाला हात लावायचा. डिंक नाही, चिकटपट्टी नाही, ऊब नाही. आपण मालक नसतो, पुढचा माणूस येईपर्यंतचे राखणदार असतो, असं ते नेहमी सांगत. त्यांना मूलबाळ नव्हतं. आपला सगळा अल्बम माझ्याकडे सोपवावा असं त्यांच्या मनात होतं. त्याआधी त्यांनी ते पहिलं सर्टिफिकेट माझ्याकडे दिलं, आणि ते कसं ठेवलंय ते बघायला येत्या रविवारी चहाला येतो म्हणाले. परीक्षाच होती ती. मी आठवडाभर हवेत होते.

त्याच हिवाळ्यात बाबा अमरावतीहून आले होते. बाबा तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये कारकून होते. जन्मभर दुसऱ्यांचे कागद सांभाळले आणि घरचा एकच महत्त्वाचा कागद, माझ्या आजोबांचा शाळेचा दाखला, वाळवीने खाल्ला. त्यापायी माझी जात पडताळणी अडली. आजोबांच्या नावाची एक ओळ कुठल्यातरी रजिस्टरात सापडावी म्हणून बाबा दोन वर्षं गावोगाव फिरले. ती सापडली तेव्हा मला प्रवेश मिळाला. त्यानंतर आमच्या घरात बाबांनी लॅमिनेशन केलं नाही असा कागद उरला नाही.

शुक्रवारी मी नोकरी करायचे त्या फार्मसीतून घरी आले, तर बाबा खुशीत बसलेले. टेबलावर सर्टिफिकेट होतं, हॉटेलातल्या मेनूकार्डासारखं ताठ आणि चकचकीत.

मी काय काय बोलले ते आता आठवायलाही नको वाटतं. तुम्हाला कोणी सांगितलं होतं इथपासून ते तुम्ही आलातच कशाला इथपर्यंत मजल गेली. दाराशी त्यांचे बूट ओले होते. उणे पंधरामध्ये ते एकटे प्लाझातल्या दुकानापर्यंत चालत गेले होते, दुकानदाराला खुणांनी समजावून लॅमिनेशन करून घेऊन आले होते.

रविवारी गुरुजी अल्बम कापडी पिशवीत घालून घेऊन आले. चहाच्या आधीच मी सर्टिफिकेट त्यांच्या हातात दिलं आणि बाबांनी काय केलं ते सांगितलं. त्यांनी ते खिडकीच्या उजेडात धरलं. सहीवर हवेचा एक फुगा अडकला होता. हे आता कशानेही सुटणार नाही, कागद गेला, असं ते शांतपणे म्हणाले आणि पिशवी त्यांनी स्वतःजवळ ओढून घेतली. मी समजले. मग त्यांनी विचारलं, का केलं असं, ते तुझ्या वडिलांना विचारशील?

मी विचारलं.

“त्याच्यावर रद्दचा शेरा नाही,” बाबा म्हणाले. “मी दोनदा पाह्यलं. बाईच्या नावावर आहे शेअर. हक्क जिता आहे तिचा. उद्या तिचं कोणी मागाले आलं, तर कागद शाबूत पाहिजे ना?”

मी त्याचं इंग्रजी करून गुरुजींना सांगितलं. कंपनी बुडून शंभर वर्षं झाली, कोणी येणार नाही, हे मला ठाऊक होतं. बाबांनाही ठाऊक असावं. पण त्यांनी राखणदारी केली होती ती सहीची नव्हे, त्या बाईची.

“बाई?” गुरुजींनी विचारलं.

तीस वर्षं तो कागद त्यांच्याकडे होता. अध्यक्षाच्या सहीचं वळण न् वळण त्यांना पाठ होतं. आता त्यांनी चष्मा वर सरकवून मधल्या ओळीतलं नाव मोठ्याने वाचलं, सावकाश, वर्गात हजेरी घेतात तसं. मीसुद्धा ते पहिल्यांदाच ऐकत होते. दोन वर्षं भक्तिभावाने हे कागद बघूनही मला एकाही मालकाचं नाव सांगता आलं नसतं. मला माझी लाज वाटली, आणि बाबांकडे मान वर करून बघवेना.

गुरुजींनी पिशवीतून अल्बम काढला, पहिलं पान उघडलं आणि माझ्याकडे नाही, बाबांकडे सरकवला. याचं काय, एवढंच त्यांनी विचारलं.

बाबा उठले, हात धुऊन, पुसून आले. जुनं वळणदार इंग्रजी त्यांनी बोट न लावता, ओठ हलवत वाचलं, मग मागची बाजू बघू द्या अशी खूण केली. गुरुजींनी पान उलटलं.

“हेही रद्द नाही,” बाबा मला म्हणाले. “वही आण. नाव लिहून घे.”