पर्समधलं लिंबू आणि बिस्किटचा पिंजरा

गेल्या गुरुवारी मी पर्समध्ये एक लिंबू टाकून पिंजरा बघायला गेले. हसा... दुकानातही सगळे हसलेच.

माझी ऑफिसमधली मैत्रीण दोहा सोडून कायमची मनिलाला गेली आणि जाताना तिचा फेरेट मला देऊन गेली. फेरेट म्हणजे मुंगसासारखा लांबुडका प्राणी, जवळजवळ दिवसभर झोपणारा आणि जागा झाला की घर डोक्यावर घेणारा. नाव बिस्किट. आई त्याला अजून 'तुझं मुंगूस'च म्हणते, पण चिकन उकडलं की पहिला तुकडा त्याचा.

फुटबॉलचा वर्ल्ड कप तोंडावर आलाय, त्यामुळे दोह्याच्या अल दुहैल भागातलं आमचं कंपाउंड, म्हणजे आमची बंदिस्त वसाहतही चकाचक करणं चालू आहे. त्यातच नोटीस आली. पाळीव प्राणी नीट, बंद पिंजऱ्यात हवा, रविवारी तपासणी... नाहीतर प्राणी बाहेर. आणि बिस्किटचा जुना पिंजरा गंजून एका बाजूने उघडा पडलेला.

'बाहेर' हा शब्द मी चार वेळा वाचला. इथल्या उन्हात फेरेट तग धरत नाही. त्याला ठेवून घ्यायला दुसरं कुणी तयारही नव्हतं, मी सगळ्यांना विचारून झालं होतं.

आता लिंबाचं. फेरेटचं डोकं जिथून जातं, तिथून अख्खा फेरेट जातो. बांगडीसारखंच... हाताचं हाड पार झालं की बांगडी चढलीच. म्हणून बिस्किट झोपलेला असताना कागदाच्या पट्टीने मी त्याचं डोकं मोजलं आणि त्याहून जरासं लहान लिंबू निवडलं... जिथून ते जाणार नाही, तिथून बिस्किटही नाही.

ही सवय आईने लावली. लहानपणी मला इथल्या शाळेत सीट मिळेना, तेव्हा दोन वर्षं तिनेच ओट्यापाशी बसवून शिकवलं. पट्टी नंतर आली, आधी लिंबू, सुपारी आणि वाटी. अंदाज सांगायचा आणि लगेच करून बघायचं, हा तिचा नियम.

दुकानात दुमजली, चाकांचा, झोपाळा टांगलेला पिंजरा होता. "मॅडम, सब लोग यही लेते हैं," दुकानदार म्हणाला. मी गजांमधून लिंबू सोडलं. ते टपकन आत पडलं आणि गडगडत पार कोपऱ्यात गेलं.

"मॅडम, अंदर लिंबू तो नहीं रखना है ना?" तो म्हणाला आणि माझ्याबरोबर आलेल्या दादालाही हसू आवरेना. "यल्ला गं, घे आणि चल," दादा इथल्या अरबी घाईच्या शब्दात म्हणाला. "तुझ्या शंका फिटेपर्यंत वर्ल्ड कप संपायचा."

दुसऱ्या पिंजऱ्याचे गज जवळ होते, पण तळाला जाळी, तिच्यात पंजे अडकतात. तिसरा पोपटाचा. त्याचं दार वर सरकवून उघडायचं, म्हणजे बिस्किटला एक मिनिट पुरे. मी सरळ "नको" म्हणून बाहेर पडले.

गाडीत दादा म्हणाला, "अगं, तपासणीपुरता घ्यायचा. सही झाली की खलास." तिथे माझं डोकं फिरलं. मला पिंजरा तपासणीसाठी नको होता, बिस्किटसाठी हवा होता.

मी गॅस दोनदा बघते, ईमेल तीनदा वाचते, आणि 'किती शंका घेतेस' हे मला जन्मभर ऐकवलं गेलंय. कबूल. पण लिंबू आत पडलं, तो काही माझ्या मनाचा खेळ नव्हता... ते सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं!

शुक्रवारी सकाळी मी दोह्याबाहेरच्या उम्म सलाल मोहम्मद या गावी तानाजीदादांकडे गेले. ते साताऱ्याकडचे वेल्डर, आमच्या बाल्कनीचं ग्रिल त्यांनीच केलेलं. सध्या एका स्टेडियमच्या रेलिंगवर काम करतात, आणि शुक्रवार ही त्यांची एकुलती एक सुट्टी. मी संकोचत लिंबू समोर ठेवलं आणि हसण्याची वाट बघत उभी राहिले.

ते हसले नाहीत. "आमच्याकडं बी हाय की," म्हणाले. रेलिंग तपासायला त्यांचे साहेब एक चेंडू घेऊन येतात. गजांमधून चेंडू पार झाला तर लहान पोराचं डोकंही जाईल, म्हणून सगळं कापून पुन्हा करायचं.

"मी दोनदा कापलंय, ताई. लई राग आला हुता. मग फोनवर घरच्या पोरीला बघितलं... गेला राग." त्यांनी लिंबू उचलून खिशात टाकलं. "ह्ये ऱ्हाऊ द्या माझ्याकडं. वाळायच्या आत पिंजरा हुईल."

शनिवारी संध्याकाळी ते स्वतः पिंजरा आणि माझं लिंबू घेऊन आले. तळाला सलग पत्रा, दाराला पक्की कडी, कडा कानशीने घासून गुळगुळीत. सगळं बिनरंगाचं स्टेनलेस... बिस्किटने चावलं तर रंग पोटात जाईल, हे त्यांनीच ओळखलं होतं. मलासुद्धा सुचलं नव्हतं!

रविवारी कंपाउंडचा सुपरवायझर आला. पिंजऱ्याभोवती एक फेरी मारून म्हणाला, "ये दुकान का नहीं है. प्रॉपर केज बोला था."

एरवी मी सॉरी म्हटलं असतं. त्या दिवशी मी त्याच्या हातात लिंबू दिलं आणि म्हटलं, "डाल के दिखाइए."

त्याने माझ्याकडे बघितलं, लिंबाकडे बघितलं. मग खरंच चार ठिकाणी घालून पाहिलं, दाराच्या फटीतही. गेलं नाही. आत बिस्किटने एक डोळा उघडला, जांभई दिली आणि कूस बदलली. सही झाली.

दादा मागे उभा राहून सगळं बघत होता. संध्याकाळी मी स्वयंपाकघरात आहे असं समजून तोही लिंबू घालून बघत होता...

सुट्टीच्या दिवशी माझ्या लिंबासाठी वेल्डिंग मशीन चालू करणाऱ्या तानाजीदादांची मी कायम ऋणी आहे. आणि यापुढे 'किती शंका घेतेस' असं कुणी म्हणालं तर मी वाद घालणार नाही. लिंबू पिंजऱ्यावरच ठेवलंय. या, घालून बघा.