वरवंट्याच्या मापाची कुंची

भिसेगावच्या आमच्या शिंप्याचं माप कधी चुकत नसे. चुकायचं ते गिऱ्हाईक. कोट काखेत आवळला की दातानं दोरा तोडत तो म्हणे, "माप बराबर हाय. तुमी वाढलात." घाट चढणाऱ्या रेल्वे इंजिनावरच्या गोऱ्या ड्रायव्हरलाही त्यानं हेच ऐकवलं होतं.

आमची मुलगी सातव्या महिन्यातच जन्मली. "केवढी हाय पोर?" शिंप्यानं विचारलं. "वरवंट्याएवढी," मी म्हणालो. ती तगेल की नाही या धास्तीनं बारसंही आम्ही लांबवलं.

अखेर बारसं झालं, तेव्हा तो स्वतः शिवलेली खणाची कुंची घेऊन आला. ती पोरीच्या डोक्याला होईना. या गृहस्थानं घरचा वरवंटा पुढ्यात ठेवून माप घेतलं होतं! बायकांची हसून मुरकुंडी वळली. रिवाजाप्रमाणे पाळण्याखालून फिरवायच्या वरवंट्याला त्यांनी ती घातली, तर चपखल बसली.

त्यानं आधी वरवंट्याकडे पाहिलं, मग पाळण्याकडे. "माप बराबर हाय," तो घुश्शातच म्हणाला, "पोर वाढली."

इतके दिवस न हसलेली माझी बायको हसता हसता पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "मामा, पुन्हा म्हणा बघू."