अपघात घराबाहेर लिहावेत

स्वतःच्याच पात्रांच्या जिवाला इतका घाबरणारा कादंबरीकार सबंध देशात दुसरा नसेल, आणि तो बरकतपुऱ्यात आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतो. हैदराबादेतल्या आम्ही पाच-सहा मराठी लिहिणाऱ्यांनी महिन्याभरात एकेक कादंबरी पुरी करायचा विडा उचलला, तेव्हा या काकांना मीच ओढलं. अडचण एकच. घरात बोललेल्या प्रत्येक शब्दाला वास्तू तथास्तु म्हणते, यावर त्यांची गाढ श्रद्धा. काकू नुसतं "गॅस संपला" म्हणाल्या, तरी हे ओरडतात, "संपला नाही, आणायचाय म्हण!" त्यात प्रत्येक वाक्य मोठ्याने म्हणत लिहायची त्यांची सवय. म्हणून लग्नं, बारशी, जेवणावळी घरात लिहायच्या आणि कुणाला साधा ताप आणायचा झाला तरी कागद पिशवीत घालून चिक्कडपल्लीचं इराणी हॉटेल गाठायचं. एकदा मी सोबत गेले होते. गल्ल्यावरच्या चाचांनी विचारलं, "क्या साब, आज किसकू मारे?" काका दचकले. "नक्को चाचा! खाली पाँव तोड्या." नुसता पायच मोडला होता, तरी घरी आल्या आल्या त्यांनी आधी काकूंचे पाय पाहिले. "एकदाचं मारा की कुणाला तरी," काकू हसून म्हणाल्या, "महिना सरत आला!"

आम्हा मंडळींच्या आग्रहाखातर काकांनी शेवटी नायिकेला दवाखान्यात पाठवलं. अर्थात हॉटेलात बसूनच. आणि त्याच आठवड्यात काकूंना जिना चढताना धाप लागू लागली. हृदयाची झडप बदलावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले. काका माझ्या दारात येऊन उभे राहिले. "बाहेर लिहिलं होतं की मी, बाई. इतक्या लांबून कसं ऐकू आलं?" याआधी मी त्यांना कितीदा तरी हसले होते. त्या दिवशी हसू आलं नाही.

आज सकाळी काकूंना दाखल केलं, उद्या ऑपरेशन. त्यांची लेक तिथे थांबली आहे, काकांना तिने बळेच घरी धाडलं. संध्याकाळी डबा घेऊन वर गेले, तर काका टेबलाशी लिहीत बसलेले. नायिका घरी आली होती. चहात साखर कमी म्हणून नवऱ्यावर चिडत होती, कढीपत्त्याला पाणी घालत होती. पानांमागून पानं तेच. पण काकांचे ओठ हलत होते आणि आवाज फुटत नव्हता. "म्हणता येईना, बाई," ते कसेबसे पुटपुटले. मला भीती वाटली, खरंच वाटली. मी कागद हातात घेतला आणि "ती घरी आली" हे वाक्य खणखणीत आवाजात वाचलं. मग स्वयंपाकघरात जाऊन पुन्हा वाचलं.